बारा पावलांवर ऐकू येणारा कॅमेरा

फोटो कसा आला, हे तुम्ही-आम्ही डोळ्यांनी बघतो. आमचे यादोराव भाऊजी कानांनी ऐकतात. बटण दाबलं की कुणीही फोटोग्राफर कॅमेऱ्यामागच्या काचेत डोकावतो. भाऊजी मान डावीकडे कलती करतात, फोडणीत मोहरी तडतडली की नाही याचा अंदाज घेणाऱ्या बाईसारखी, आणि निकाल देतात : "आवाज आला. मंग फोटो बी आला."

आवाज म्हणजे कॅमेऱ्यातला तो खटाक. तो मनासारखा वाजला नाही तर फोटो कितीही झकास असो, झालाच नाही असं समजायचं. त्यामुळे बालाघाट आणि आसपासच्या गावांत अशी बरीच जोडपी आहेत ज्यांनी एकमेकांना तीन-तीनदा हार घातलेत. भर मांडवात भाऊजी हात वर करणार : "थांबा जी! आवाज नाही आला. परत घाला." बिरशाकडच्या एका लग्नात नवरदेव तापला. "भैया, शादी मेरी हो रही है या तुम्हारे कैमरे की?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "शादी तो पंडितजी करा देंगे. याद रखने का काम मेरा है. हार निकालो." नवरदेवाने निमूट हार काढला.

यादोराव भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुमनताईचे, यजमान. पुढे एका खोलीचा स्टुडिओ, मागे अंगण, त्यामागे घर. स्टुडिओत खुंटीवर एक काळा कोट टांगलेला असतो. आमच्या भागातल्या एका अख्ख्या पिढीने नोकरीचे अर्ज त्या एका कोटात भरलेत. मास्तर, पटवारी, कंपाउंडर, सगळे त्याच कोटात. बारीक माणसाला मागून कपड्यांचे चिमटे लावायचे, जाड्याला पुढचं बटण न लावता फक्त श्वास आत घ्यायला लावायचा.

मीही त्याच कोटात बसलो होतो. भाऊजींनी सहा फोटो रद्द केले. "दिलीप, नोकरी मागून राह्यला का माफी?" असं दर वेळी विचारलं. सातव्याला खटाक बरोबर वाजला आणि मी सरकारी शाळेत गणिताचा मास्तर झालो. त्या फोटोत माझं स्वतःचं असं फक्त डोकं आहे, आणि तेही जरा मोठं आलंय. तो कोट भाऊजींच्या लग्नातला, माझ्या वडिलांनी जावयासाठी शिवून घेतलेला, हे मला पुष्कळ वर्षांनी ताईकडून कळलं.

तर, अशा माणसाच्या कॅमेऱ्याची कंपनी एक दिवस म्हणाली की आता हा प्रकार आम्ही बनवणार नाही. कॅमेरा नाही, त्याच्या लेन्स नाहीत, सुटे भागही नाहीत. ही बातमी भाऊजींना मीच दिली, फोनवर, आणि ती देताना मला थोडा आनंदही झाला हे कबूल करतो. कारण कुठल्याही विषयावरचे तीन व्हिडिओ मोबाइलवर पाहिले की मला त्या विषयातली डॉक्टरेट मिळते, आणि कॅमेऱ्यांचे मी चार पाहिले होते.

"भाऊजी, तुमच्या कॅमेऱ्यात आरसा असतो. बटण दाबलं की तो वर उचलला जातो, त्याचा हा खटाक. नव्या कॅमेऱ्यांत आरसाच नाही."

"आरसा नाही, त मानूस पाह्यते कशात?"

"छोट्या टीव्हीत पाहते असं समजा."

"मंग टीव्हीच घेतो ना मी," म्हणाले आणि फोन ठेवला.

पण महिन्याभरात आरसा अडकायला लागला. कधी वर जायचा, कधी नाही. गोंदियाच्या दुरुस्तीवाल्याने हात जोडले : स्प्रिंग गेलीय, भाग येत नाही, चालेल तेवढा चालवा. भाऊजींनी लग्नाची कामं घेणं थांबवलं. आता सरळ हिशेब होता : नवा कॅमेरा निवडा, नाहीतर तो कोट कायमचा खुंटीवर. ही निवड करून देण्याची जबाबदारी मी आपणहून अंगावर घेतली.

एका संध्याकाळी त्यांच्या अंगणात बसून मी सेन्सर, फोकस, व्हिडिओ असं बरंच बोललो. ताई शेजारी वाटाणे सोलत होती. तिच्या डोळ्यांना साखरेने गाठलंय, दोन वर्षं झाली. आता तिला उजेड आणि सावली तेवढी कळते. वाटाणे मात्र डोळेवाल्यांपेक्षा भराभर सोलते. माझं भाषण संपल्यावर ती म्हणाली, "दिल्या, तुले सोताची चप्पल घ्याले दोन दिवस लागते. त्याईले कायले शिकवतं?"

भाऊजींनी मात्र ठरवलं, "पाहून घेऊ." आणि आमच्याकडे पाहणं म्हणजे काय असतं, हे वेगळं सांगायला नको. सोयरीक जुळवायला जावं तसे आम्ही कॅमेरा पाहायला नागपूरला निघालो. भाऊजी, मी, वारासिवनीचे त्यांचे मित्र डोमाजी आणि लांजीचे मामा, ज्यांनी अर्ध्या तालुक्याच्या सुना पाहून दिल्यात. मोजले तर चार भरले. शुभकार्याला चौघांनी जाणं बरं नाही, म्हणून गाडीच्या ड्रायव्हरलाही धरलं आणि पाच केले. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून डोमाजींनी चिन्नोर तांदळाची पिशवी घेतली. दुकानाच्या काउंटरवर ती ठेवली तेव्हा तिथली मुलगी गोंधळली. "काका, हे इथे रिटर्न होणार नाही."

"रिटर्न नाही पोरी, भेट हाय," मामा म्हणाले आणि खुर्चीत मांडी घालून बसले. "हं, दाखवा. खानदान सांगा पयले. ह्या कंपनीचं बी उद्या बंद पडनार नाही ना?"

मुलगी हुशार होती. भाऊजींच्या जुन्या लेन्स पाहून म्हणाली, "या सरळ बसणार नाहीत. मध्ये एक कडं लावावं लागेल. अ‍ॅडॅप्टर."

"म्हंजे मध्यस्थ," मामा म्हणाले.

"तसंच समजा. फक्त त्याने फोकस थोडा मंद होतो."

"मध्यस्थ घातला का मंद होतेच."

पहिला कॅमेरा भाऊजींच्या हातात आला. त्यांनी तो माझ्याकडे रोखला, बटण दाबलं, मान कलती केली. काही नाही. पुन्हा दाबलं.

"सायलेंट आहे काका," मुलगी कौतुकाने म्हणाली. "कान्हात वाघाचे फोटो काढायला एक नंबर. वाघाला कळत पण नाही."

"मुका हाय," भाऊजी म्हणाले आणि परत दिला.

दुसऱ्यात आवाज होता, पण स्पीकरमधून येणारा. "हा खोटं खोटं खोकलते." तिसरा चुक असा वाजला. "पाल." चौथा हलका होता, महागडा होता, माझ्या चारही व्हिडिओंत त्याची तारीफ होती. भाऊजींनी तो कानाशी धरला, मग हात लांब करून दूर धरला, मग डोमाजींना दुकानाच्या पार दारापर्यंत पाठवलं. "आयकू येते का?" डोमाजी दारातून ओरडले, "काय आयकू येते का?" चौथाही परत गेला.

माझा संयम सुटला. "भाऊजी, तुमाले फोटो काढायचे हायत का तबला वाजवायचा हाय?"

सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. जुना कॅमेरा पिशवीत घातला, पिशवीची चेन दोनदा तपासली आणि म्हणाले, "चाला. गाव दूर हाय." परतीच्या वाटेवर मामा आणि डोमाजी नकारांची कारणं चघळत राहिले. भाऊजी खिडकीबाहेरची धानाची शेतं बघत होते. मी मनाशी ठरवून टाकलं : म्हातारा हट्टी झालाय.

पुढच्या रविवारी सकाळी सातलाच मी त्यांच्याकडे धडकलो. एरवी मी जातो संध्याकाळी, चहाच्या बेताने. या वेळी त्यांना चांगलं सुनवायचं होतं. मागचं फाटक उघडलं आणि तिथेच थांबलो.

ताई अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती. केस विंचरलेले, पदर नीट, पाठ ताठ, चेहरा समोर. तिच्यापासून बारा पावलांवर, पार न्हाणीच्या भिंतीला टेकून, भाऊजी जुना कॅमेरा डोळ्याला लावून उभे. त्यांची लेन्स लांबची, तेवढं मागे गेल्याशिवाय माणूस चौकटीत मावत नाही. रस्त्यावरून मँगनीजचा ट्रक खडखडत गेला. तो जाईपर्यंत ते थांबले. मग बटण दाबलं. आरसा अडकला. पुन्हा दाबलं. अडकला. ताई तशीच, श्वास धरून. तिसऱ्यांदा खटाक झालं, आणि ताईचा चेहरा असा सैल झाला की तसा मी तो तिचे डोळे गेल्यापासून पाहिला नव्हता.

"झाला?"

"झाला."

"कशी दिसून राह्यली?"

"डाव्या अंगची बट कानावर आली हाय. हिरव्या लुगड्यावर ऊन पडून राह्यलं. अन् कालच्यापेक्षा कमी कंजूष हासली."

"काल तुमी चहात साखर घातली नवती," ताई म्हणाली. ती आत गेली तेव्हा भाऊजींनी मला पाहिलं. चोरी पकडली गेल्यासारखा चेहरा केला त्यांनी.

"रोज?" मी विचारलं.

"हौ. डोये गेले तवापासून. सुरवातीले फोटो काढूच देत नवती. म्हने, मले दिसत नाही, तुमी पाह्यता का नाही मले काय मालूम? मी म्हनलो, आवाज आला म्हंजे मी तुह्याकडं पाहून राह्यलो. तवापासून बसते."

"मग नव्या कॅमेऱ्यानं काढून तोंडानं सांगा ना, काढला म्हणून."

"तोंडानं मानूस खोटं बी बोलते, सालेसाहेब." ते कॅमेरा पुसत होते. "एक दिवस आरसा वर गेलाच नाही. मीच तोंडानं खटाक केलं. तिकडून म्हनते कशी, 'हा तुमचा आवाज हाय. कॅमेऱ्याचा नाही.'"

दुकानात तबल्याचा विनोद केल्यावर सगळ्यांत मोठ्याने मीच हसलो होतो. गेली दोन वर्षं मी दर रविवारी येऊन ताईला पेपर वाचून दाखवतो आणि आपण केवढं करतो असं समजून घरी जातो. एकदाही मला सुचलं नव्हतं की न दिसणाऱ्या माणसाला, आपण कुणाला दिसतोय, हेही हवं असतं.

मी तिथूनच नागपूरच्या त्या मुलीला, दुकानाच्या कार्डावरचा नंबर बघून, फोन लावला. दुकान अजून उघडायचं होतं, तरी तिने उचलला. म्हटलं, "तांदूळवाले बोलतोय. मेगापिक्सेल काही नको. तुमच्याकडे सगळ्यात मोठ्यानं वाजणारा कॅमेरा कोणता?"

"वाजणारा?" तिने विचारलं. मग मी का ते सांगितलं. किती पावलांवरून ऐकू यायला हवा, तेही तिने विचारून घेतलं. मग ती म्हणाली, "दुकान उघडलं की फोन करते काका. काकूंना फोनजवळ बसवा."

अकरा वाजता फोन आला. तिने आपला मोबाइल एका टोकाला स्टुलावर ठेवला होता आणि बारा पावलं मोजून पलीकडे कॅमेरे मांडले होते. गिऱ्हाइकांना "एक मिनिट कुणी बोलू नका हं" असं ती सांगत होती, ते आम्हाला अंगणात ऐकू आलं. ताई स्पीकरशी कान लावून बसली. भाऊजी तिच्यामागे उभे, मान कलती. एकेक वाजला. ताईने दोन नाकारले. तिसरा दणकट होता, आतला शटरचा पडदा मोठा, त्यामुळे धप् आणि खट् यांच्या मधलं काहीतरी वाजायचं. ताई म्हणाली, "परत." तिकडून परत वाजला. "अजून एक डाव." वाजला.

"हा," ती म्हणाली. "ह्याच्यात कोनी पाह्यल्यासारखं वाटते."

भाऊजींनी मान सरळ केली. "हाच."

तो कॅमेरा माझ्या चारही व्हिडिओंत नव्हता. महाग आहे, जड आहे, जुन्या लेन्सला मध्यस्थ लागतो आणि त्यामुळे फोकस मंद होतो. भाऊजींना त्याचं काही नाही. ताई थांबून राहते, ट्रक जाईपर्यंत, फोकस लागेपर्यंत. लग्नाची कामंही सुरू झालीत, आणि हार पुन्हा तीन-तीनदा घातले जातायत.

नव्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो भाऊजींनी माझा आणि ताईचा काढला. मला तो काळा कोट घालायला लावला. आता चिमटे नाही लागले, श्वास आत घ्यावा लागला. आम्ही दोन खुर्च्यांवर बसलो. ते बारा पावलं मागे गेले. ताईने माझा हात धरला आणि म्हणाली, "हलू नको. आता पाह्यतील." तिला जसं ऐकू येतं तसं एकदा ऐकावं म्हणून मी डोळे मिटले.

तो फोटो आमच्या बैठकीत लावलाय. ताई हसतेय आणि शेजारी मी काळ्या कोटात, पोट आत ओढून, डोळे घट्ट मिटून. पाहुणे म्हणतात, मास्तर, दुसरा काढून घ्यायचा ना. बायकोही तेच म्हणते.

मी म्हणतो, राहू द्या. आवाज छान आला होता.