फायनल मापाचं कपाट

बुधवारी दुपारी त्या वादाला अकरावा दिवस लागला होता. मीटिंगच्या खोलीत पाच जण, सहा खुर्च्या आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर एकच ओळ: गट(60, 10, 5).

ती ओळ दादांची होती. ऑफिसात त्यांना सगळे पाठीमागे 'फायनल' म्हणत, कारण कुठलाही वाद ते टेबलावर थाप मारून "फायनल!" म्हणत संपवत. समोर बसली होती शंकाबाई. टेस्टिंग तिच्याकडे असल्यामुळे तिचं प्रत्येक वाक्य "मला एक शंका आहे" असं सुरू होई, आणि ती शंका दरवेळी खरी निघे, हा तिचा आणखी मोठा अपराध.

प्रकरण साधं होतं. शेकडो इमारतींच्या लिफ्ट दर सेकंदाला आपली खबर पाठवत. ती न थांबणारी धार पकडून तिचे गट पाडणारी लायब्ररी ही मंडळी लिहीत होती, म्हणजे इतर प्रोग्रॅमरांना आयतं वापरता येईल असं सामान. गट पाडायला तीन आकडे द्यावे लागत: एक गट किती सेकंदांचा, नवा गट किती सेकंदांनी सुरू करायचा आणि उशिरा येणाऱ्या खबरीसाठी किती थांबायचं. दादांचं म्हणणं, तीन आकडे ओळीने द्या, काम झालं. शंकाबाईचं म्हणणं, प्रत्येक आकड्याआधी त्याचं नाव लिहायला लावा. सोमवारी दहाला पहिली आवृत्ती बाहेर पडणार होती. एकदा लोक वापरायला लागले की ही रचना बदलायची सोय नाही. बदलली तर सगळ्यांचे प्रोग्रॅम कोसळणार.

"मला एक शंका आहे," शंकाबाई म्हणाली. "कुणी दहा आणि पाचची अदलाबदल केली तर? प्रोग्रॅम तक्रार करणार नाही. गुपचूप चुकीचे गट पाडत बसेल."

"अहो बाई, क्रम ठरलेला आहे ना! माणसाला अक्कल असते. प्रत्येक आकड्याच्या गळ्यात पाटी कशाला?"

तेवढ्यात दादांचा फोन वाजला. ज्यांना कपाट करायला दिलं होतं, ते सुतारकाका होते.

आता हे कपाट कुणाचं, ते सांगायला हवं. दादांच्या सासूबाई आपलं घर कायमचं बंद करून रविवारी लेकीकडे राहायला येणार होत्या. चाळीस वर्षांचा संसार त्यांनी वाटून टाकला होता आणि जावयाकडे एवढंच मागितलं होतं: "मला एक माझं स्वतःचं कपाट द्या. बाकी काही नको." बायकोने माप घेऊन चिठ्ठी दिली होती: उंची सहा फूट, रुंदी तीन, खोली दीड. चिठ्ठी दादांच्या खिशातच होती.

"साहेब, फळ्या कापायला घेतोय. माप सांगता ना?"

दादांचे डोळे चमकले. त्यांनी फोन स्पीकरवर टाकून टेबलाच्या मधोमध ठेवला, चिठ्ठी उघडली आणि सगळ्यांकडे बघत मोठ्याने म्हणाले, "सहा, तीन, दीड."

"बरं," सुतारकाका म्हणाले आणि फोन बंद झाला.

"ऐकलंत? विचारलं त्याने, कुठला आकडा कशाचा? सुताराला कळतं आणि प्रोग्रॅमरला कळणार नाही?"

मतं घेतली. तीन विरुद्ध दोन. दादांनी टेबलावर थाप मारली. "फायनल!"

शनिवारी दुपारी टेम्पोतून दोन माणसांनी कपाट उतरवलं आणि पाठोपाठ सुतारकाका जिना चढून आले. कपाट मात्र जिन्याच्या वळणावरच अडकलं. कसंबसं ते तिरकं करून घरात आलं तेव्हा बायको दारात उभी होती. तिने कपाटाकडे बघितलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा कपाटाकडे.

"हे काय आहे?"

कपाट सहा फूट रुंद होतं आणि तीन फूट उंच.

"काका, हे आडवं कसं झालं?" दादा ओरडले.

"आडवं कुठे? तुम्ही सांगितलंत तसंच आहे. सहा, तीन, दीड. आधी रुंदी, मग उंची. भिंतीची जागा किती खाणार, ते आम्ही आधी धरतो. तीस वर्षं असंच धरतोय."

"अहो, पण सगळं जग उंची आधी सांगतं!"

"जगाचं मला माहीत नाही साहेब."

"मग विचारायचं तरी!"

"विचारणार होतो," सुतारकाका शांतपणे म्हणाले, "पण तुम्ही इतके ठाम बोललात, म्हटलं माणसाला नक्की माहीत असणार."

बायकोने हात पुढे केला. "मी चिठ्ठीवर नावं घालून दिली होती ना? उंची, रुंदी? ती कुठे गेली?"

"ती मी सांगताना... काढून टाकली. गरज नव्हती."

बायकोने कपाळावर हात मारला.

सुतारकाका गेल्यावर दादांचा आत्मविश्वास पुन्हा उसळला. "घाबरतेस काय? उभं करू. सहा आहेच की!" दोघांनी जोर लावून कपाट उभं केलं. आतले कप्पे उभे झाले, आणि दादांनी कडी काढताच तळाशी बिजागऱ्या आलेलं दार दाणकन बाहेर आपटलं. ते थोडक्यात वाचले, चष्मा वाचला नाही.

कपाट पुन्हा आडवं झालं. पलंग आणि खिडकी यांच्यामधल्या तीन फुटांत ते मावणार नव्हतंच. मग पलंग समोरच्या भिंतीला सरकवला. तिथे खोलीचं दार पूर्ण उघडेना. म्हणून पलंग फिरवला, टेबल बाहेर काढलं, टेबलामुळे बाहेरचा सोफा बाल्कनीत गेला. शेवटी कपाट खिडकीखाली बसलं आणि दादा जमिनीवर.

"आईने आयुष्यात एकच गोष्ट मागितली तुमच्याकडे," बायको म्हणाली. "एकच."

दादांना खरंच लाज वाटली. रात्री जेवताना ते एकदाही काही ठामपणे बोलले नाहीत. बायकोने दोनदा विचारलं, बरं वाटतंय ना म्हणून.

रविवारी सासूबाई आल्या. त्या दोन बॅगा घेऊन खोलीत शिरल्या आणि कपाटासमोर थांबल्या. दादांनी घसा खाकरून माफीचं वाक्य तयार केलं. सासूबाईंनी दार उघडलं, सगळ्यात वरच्या कप्प्यावरून हात फिरवला, वाकून खालचा बघितला. मग पलंगावर बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"आई, अगं आपण बदलून घेऊ," बायको घाईघाईने म्हणाली.

"खबरदार बदललंस तर! अगं, वर्ष झालं, माझा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तुला सांगितलं नाही, उगाच डॉक्टर डॉक्टर करत बसशील म्हणून. मी म्हणत होते, आता रोज कपाटातलं काढायला कुणालातरी हाक मारावी लागणार. आणि यांनी बघ! पोटच्या पोरीच्या लक्षात आलं नाही ते यांनी ओळखलं." त्यांनी जावयाकडे बघितलं. "जावईबापू, कसं हो सुचलं तुम्हाला?"

"ते... सहज," दादा म्हणाले. बायकोला जोराचा ठसका लागला.

सोमवारी सकाळी पावणेदहाला दादा तुटका चष्मा चिकटपट्टीने जोडून ऑफिसात शिरले. "थांबवा," ते म्हणाले. "आवृत्ती बाहेर सोडू नका."

"काय झालं दादा?" शंकाबाईने विचारलं. "कपाट चुकलं?"

दादांना नुसतं 'नाही' म्हणून सुटता आलं असतं. पण सासूबाईंचे ओले डोळे त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेनात. त्यांनी जिन्यातल्या वळणापासून सगळं सांगितलं. खोली हसून हसून लोटपोट झाली.

"मग तर उत्तमच झालं की," शंकाबाई डोळे पुसत म्हणाली. "सासूबाई खूश. मग घाबरलात कशाला?"

"त्यालाच घाबरलो. आकडे उलटे गेले, तरी कुणी हू की चू केलं नाही, आणि वर शाबासकी मिळाली. कपाट निदान दिसतं तरी. आपल्या लायब्ररीत असं झालं, तर कुणाला पत्ताही लागणार नाही." दादा उठले, फळ्यावरची आपली ओळ पुसली आणि पेन शोधत असल्यासारखे उगाच इकडेतिकडे बघत राहिले. शंकाबाईने पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी तिन्ही आकड्यांआधी नावं लिहिली. लांब, स्पष्ट, कुणालाही कळतील अशी.

अकरा दिवसांचा वाद चार मिनिटांत मिटला होता. शंकाबाईने सगळ्यांकडे बघितलं, हात उचलला आणि टेबलावर अशी थाप मारली की कप हलले.

"फायनल?"

दादा फळ्यासमोर उभे होते. त्यांनी चष्मा सावरला, आपणच लिहिलेली ओळ पुन्हा एकदा डावीकडून उजवीकडे वाचली, आणि अकरा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच म्हणाले,

"मला एक शंका आहे."