शहाजीमामांचं वक्के

"टाकी वक्के हाय. आता पोरगं दाखवा."

गच्चीवरून मामांचा आवाज थेट स्वयंपाकघरात आला आणि मुलाच्या आईचा पोहे परतणारा हात थांबला. आम्ही रोहिणीताईसाठी स्थळ बघायला बारामतीत त्यांच्या बंगल्यावर गेलो होतो. आल्यापासून तासभर शहाजीमामा, म्हणजे ताईचे वडील, पाण्याची टाकी, बोअरची मोटर, मीटरची पेटी आणि मोरीचा उतार तपासत होते. मुलगा नवा शर्ट घालून बैठकीत बसून होता. त्याला त्यांनी दोनच प्रश्न विचारले, शिफ्ट कोणती आणि गाडी कोणती. दोन्ही उत्तरं पटली. "वक्के," ते म्हणाले, आणि ताईचं लग्न ठरलं.

शहाजीमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. राहायला इंदापुरात, नोकरी लोणी देवकरच्या एका कारखान्यात, इन्स्पेक्शनला. तयार झालेला लोखंडी भाग मोजायचा, बरोबर असेल तर त्यावर पिवळ्या खडूनं ओके लिहायचं, नसेल तर बाजूला टाकायचा. सव्वीस वर्षं हेच. कारखाना सुटला तरी खिशातला खडू सुटायचा नाही. त्यांच्या घरात गॅसचा सिलिंडर, पिठाचा डबा, मामींची नवी चप्पल, सगळ्यावर पिवळं ओके. मी चौथीत असताना त्यांनी माझ्या दप्तराच्या पट्ट्यावर ते लिहिलं आणि वर्गात महिनाभर मला सगळे 'ओके' म्हणून हाक मारत होते. मी कोणाला काही बोलले नाही. मी तेव्हाही फारशी बोलत नसे.

मामांना मात्र एकदा बोलले. आमच्या इंग्रजी शाळेत उच्चारांवर फार भर असायचा.

"मामा, वक्के नाही, ओके म्हणायचं असतं."

ते दाढी करत होते. "तुज्या ओकेनं बोल्ट जास्त घट्ट बसतो का गं?"

पुढे माझ्या लक्षात आलं, की शाळेला त्या शब्दाचा एकच अर्थ माहीत होता. मामांकडे पाच-सहा होते आणि प्रत्येकाचा उच्चार वेगळा. झटक्यात 'वक्के' म्हणजे पास. 'वोऽके' असं लांबवलं की ऐकलं, पण करणार नाही. पंगतीत 'वक्के, वक्के' असं दोनदा, म्हणजे आता वाढू नका. मयताच्या घरून निघताना खांद्यावर हात ठेवून हळूच एक 'वक्के' असायचं. त्याचा अर्थ मला अजूनही सांगता येणार नाही, पण रडणारा माणूस ते ऐकून मान हलवायचा. आणि साहेबाचा फोन आला की उभं राहून, स्वच्छ, 'ओके सर'. त्याला आमच्या इंग्रजीच्या बाईंनी पैकीच्या पैकी गुण दिले असते. त्यात मामा कुठेच नसायचे.

लग्नानंतर दर रविवारी सकाळी दहाला मामा ताईला फोन लावायचे. स्पीकरवर.

"वक्के हाय ना?"

"वक्के, पप्पा."

"जावई?"

"वक्के."

"ठेवतो मग."

अर्ध्या मिनिटात खुशाली उरकायची. मामींना तेवढीही जास्त वाटायची. "नांदती हाय न्हवं? मग सारकं सारकं काय इचारायचं?" आमच्याकडे लेकीला खुशाली विचारायची एक रीतच आहे. अशी विचारायची, की तिला हो म्हणण्यावाचून दुसरं काही सुचू नये.

दुसऱ्या दिवाळीला ताई माहेरी आली ती हाताला प्लॅस्टर घालून. जिन्यावरून पडले, म्हणाली. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली, हळद-दूध दिलं, पायाकडे बघून चालावं असा सल्ला दिला. मामा मात्र भाऊबीज झाली तशी मोजपट्टी घेऊन ताईच्या सासरी गेले आणि जिना मोजला. पाहणीच्या दिवशी त्याच जिन्यावरून ते चारदा चढले-उतरले होते. तेव्हा तो पास झाला होता. आता निकाल फिरला. "पायरी साडेआठ इंच उंच हाय. सात पायजे. माणूस पडणारच." ओळखीचा वेल्डर नेऊन त्यांनी तिथे लोखंडी कठडा बसवून दिला. व्याह्यांनी चहा पाजला. दाजींनी स्वतः कठडा धरून, हलवून बघितला आणि म्हणाले, "एकदम मजबूत झालं बघा, मामा."

ही हकीकत मामांनी आमच्या घरी येऊन तीनदा सांगितली. सगळे हसले. मीही हसले.

मला तेव्हा माहीत होतं. एका हातानं वेणी घालता येत नव्हती म्हणून दिवाळीत ताईचे केस मी विंचरत होते. आरशात माझ्याकडे न बघता तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तू कुणाला बोलणार नाहीस, म्हणून तुला सांगितलं." माझ्या अबोलपणाचं आयुष्यात पहिल्यांदाच कोणी कौतुक केलं होतं. मी शब्द पाळला. सात महिने पाळला. शब्द पाळणं आणि घाबरणं बाहेरून अगदी सारखं दिसतं. माझ्याकडे बघून कोणी ओळखलं नसतं. मीही ओळखायचं टाळत होते.

गेल्या मंगळवारी दुपारी मामा एकटेच आमच्या दारात उभे. अर्धी रजा टाकून आले होते. आई दळण आणायला गेली होती.

"बरं झालं," ते म्हणाले. पाणी पुढे केलं तर घेतलं नाही. मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. "तू इंग्रजी शाळंतली. तुला उच्चार कळत्यात. जरा आइक."

त्यांच्या फोनमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. रविवारचा एकही त्यांनी पुसला नव्हता. एकेक लावत गेले. वक्के हाय ना? वक्के, पप्पा. वक्के हाय ना? ओके, पप्पा. वक्के हाय ना? ओके. मागे कधी मिक्सर, कधी टीव्ही, कधी काहीच नाही. स्वतःचा आवाज आला की मामा मान खाली घालायचे. तिचा आला की माझ्या चेहऱ्याकडे बघायचे.

"पयल्यांदा माज्यावानी म्हणायची," ते म्हणाले. "दिवाळीच्या आदीपासनं बदललं. आता सायबाला म्हणत्यात तसं म्हणती. व्हय का न्हाय?"

मी पाण्याचा पेला पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

"जेवायच्या सुट्टीत रोज आयकतो. डबा तसाच माघारी जातो. तुजी मामी म्हणती, खूळ शिरलंय डोक्यात." त्यांनी फोन पालथा ठेवला. "लोखंडाला टिचकी मारली की आत चीर हाय का न्हाय ते कळतं. माणसाचं काय करायचं, सांग. मी चुकत आसंन. चुकतोय म्हण. साडेतीनच्या यष्टीनं माघारी जातो, परत इचारणार न्हाय."

त्यांना खरंच तेवढंच हवं होतं. दोन शब्दांत मला ते देता आलं असतं, आणि आमच्या घरात त्याला समजूतदारपणा म्हटलं गेलं असतं. मामांचे हात गुडघ्यांवर होते. खडूची पिवळी भुकटी नखांत तशीच होती.

"मामा, जिन्यात काही दोष नव्हता," मी म्हणाले. "दाजींनी तिचा हात पिरगळून मोडला. चला, आत्ता जाऊन तिला घेऊन येऊ."