खड्याची खरखर

सहदेव मास्तर तीन वर्षं एका खरखरीपायी झिजले होते. अकोल्याच्या कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवायचे, तेही तात्पुरत्या जागेवर. त्यांच्याजवळ हरभऱ्याएवढा एक काळा खडा होता. थंड असला की तो वीज अडवायचा, तापला की वाहू द्यायचा. मधल्या नेमक्या घडीला, अडवू की सोडू असं त्याचं व्हायचं, आणि जोडलेल्या भोंग्यातून अशी खरखर निघायची की मास्तरांना गहिवरून यायचं. आता कुणाला कशानं गहिवरून यावं, याला काही नेम आहे का!

संस्थेचे चिटणीस, बाळापूरचे भगवंतराव, ती खरखर ऐकायला येणार होते. पसंत पडली तर मास्तरांची जागा कायम, नाहीतर घरी. आदल्या दिवशी मास्तर प्रयोगशाळेच्या शिपायाला म्हणाले, "पुंजाजी, उद्यासाठी खरखर नीट करून ठेवा बरं."

पुंजाजी कामाला वाघ. सकाळी हसतमुखानं दारात हजर. "मास्तर, केली नीट. आता नावालेही खरखर नाही."

मास्तर भोंग्याकडं धावले. "खडा कुठं हाय?"

"तोच त खराब होता. जुन्या शहरातल्या ओमप्रकाश रेडिओवाल्यानं काढून मोर्ना नदीत फेकला, अन् रेडिओचं नवं सामान बसवलं."

"पन काहून?"

"तुमीच त म्हनलं, नीट करा."

तेवढ्यात भगवंतराव आलेच. मास्तरांनी देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. भोंगा खणखणीत बोलू लागला, "शेतकरी बंधूंनो, बैलाचं पोट फुगलं असता..."

भगवंतरावांनी खुर्ची पुढं ओढली. त्यांचा बैल परवापासून फुगलेला होता. त्यांनी सगळा कार्यक्रम कागदावर उतरवून घेतला आणि मग विचारलं, "अन् ते तुमची खरखर?"

"गेली, साहेब," मास्तर रडकुंडीला आले होते.

"पुरी गेली?"

"पुरी. आता परत यायची नाही."

भगवंतरावांनी उठून त्यांची पाठ थोपटली. "वा, मास्तर. मले वाटे हे काम जलमभर चालते. तुमी तीन वर्सातच मिटवलं." मग त्यांनी पुंजाजीकडं बोट दाखवलं. "याइले कायम करून टाका. माह्या घरच्या रेडिओतही लय खरखर हाय."

"अन् मी, साहेब?"

"तुमचं काय आता? खरखरच नाही राह्यली. तुमी मोकळे."