निजखोलीची नोंद

जगात अशी एकही गोष्ट नाही, जी मी विद्यापीठाच्या भांडारात टाकू शकत नाही! भांडार म्हणजे धान्याचं नव्हे, संशोधनाचं; संगणकातलं. पूर्वी त्यात नुसते लेख यायचे. आता नाच, प्रदर्शन, एखादा आवाजसुद्धा संशोधन म्हणून चालतो. त्याचं चित्रण करायचं, कोणी काय केलं ते लिहायचं आणि जगाला खुलं करायचं, हे माझं काम. एकदा बर्फाच्या शिल्पाची नोंद करायची होती. मी पोचलो उशिरा. मग डबक्याची केली. पण केली!

त्यामुळे मावशीचा फोन आला तेव्हा मी निर्धास्त होतो. मावशी कला विभागात शिकवते, कैक वर्षं हंगामी. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्या दुपारी समिती ठरवणार होती. आणि समितीचा हिशेब सरळ: भांडारात नोंद असेल तर काम आहे, नाहीतर नाही.

"सोन्या, माझी निजखोली तेवढी टाक रे. समिती बसायच्या आत."

"चुटकीसरशी!"

"आणि झोपू नकोस."

"मी? कामावर? काहीतरीच!"

आता ही निजखोली, म्हणजे मावशीची नवी कलाकृती; अख्खी खोलीच. छतापासून पातळ पांढरे पडदे सोडलेले, इतके हलके की कुणी नुसता विचार केला तरी हलतील. खाली गाद्या. आणि कोपऱ्याकोपऱ्यातल्या स्पीकरमधून येणारा झोपलेल्या माणसांचा श्वास, लाटेसारखा. मावशीचा सिद्धांत असा, की झोप ऐकू आली की माणूस झोपतो. मी कॅमेरा लावला, सुरू केला आणि सिद्धांत तपासायला जरा टेकलो.

कपाटांना पाय फुटले होते आणि ती रांगेनं समुद्राकडे निघाली होती. पुस्तकं पानं फडफडवत वर चालली होती. एक ढग माझ्या टेबलासमोर येऊन बसला. मी विचारलं, "आपलं काम कधी पूर्ण झालं?" ढग म्हणाला, "अजून चालूच आहे." मग त्यानं स्वतःचा एक कोपरा माझ्या डोक्याखाली सरकवला. फार समजूतदार ढग होता.

पुढचं मला नंतर चित्रणात दिसलं. आधी आमच्या ग्रंथपालबाई, म्हणजे माझ्या वरिष्ठ, आल्या, मला शोधत. "कुठे उलथलाय हा?" म्हणत चप्पल काढायला गादीवर बसल्या. एक चप्पल निघाली. दुसरी अजून पायातच होती, आणि बाई घोरत होत्या!

मग नोंद का दिसत नाही म्हणून खुद्द समितीच आली. दाराशी मावशी हात जोडून. "सर, बघा, पण टेकू नका!"

"हे कसलं संशोधन?" अध्यक्ष गुरगुरले. "डोळे मिटून काय कळतं, बघतोच!" त्यांनी मिटले. दोन्ही सदस्यांनी अध्यक्षांचा मान राखून मिटले.

मला जाग आली ती मावशीच्या चिमट्यानं.

"मेल्या, ऊठ! माझी समिती झोपलीय!"

"म्हणजे खोली यशस्वी झाली की!"

"यशस्वी डोंबलाची! उठल्याबरोबर विचारतील, नोंद कुठाय? टाक आत्ताच्या आत्ता!"

मी अर्धवट झोपेत लॅपटॉप उघडला. चित्रण चढवलं. सहभागी व्यक्ती आणि त्यांची भूमिका भरल्याशिवाय भांडार पुढे जाऊ देत नाही. मी प्रामाणिक माणूस. लिहिलं: अध्यक्ष, घोरणे, खालचा सूर. ग्रंथपालबाई, घोरणे, वरचा सूर. दोन सदस्य, साथ. आणि केलं खुलं!

अध्यक्ष उठले, कपडे झटकले, बैठकीत जाऊन भांडार उघडलं. समोर स्वतःच, तोंडाचा आ वासून! मला आणि मावशीला बोलावणं आलं.

"काढून टाक ते!"

"निघत नाही, सर. खुली झालेली नोंद ब्रह्मदेवालाही पुसता येत नाही."

"म्हणजे आम्ही कामाच्या वेळेत झोपलो, हे जग बघणार?"

मावशीचा आवाज थेट निजखोलीतला, संथ. "सर, हे संशोधन असेल तर तुम्ही त्यात सहभागी झालात. नसेल, तर मात्र झोपलात."

अध्यक्षांनी पडद्यावरच्या स्वतःच्या वासलेल्या तोंडाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"अत्यंत मौलिक संशोधन आहे," अध्यक्ष म्हणाले. सदस्यांच्या माना डुलल्या. मावशी कायम झाली! निघताना अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "नावांच्या क्रमात मी बाईंच्या वर आहे ना? तेवढं बघ."

मी तरंगतच ग्रंथालयात आलो. आता शाबासकी! बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुझी अर्धी रजा लावलीय. झोपलास म्हणून."

"बाई, तुम्हीपण झोपला होतात!"

"मी नाही झोपले. मी वरचा सूर होते. तुझं नाव कुठाय त्यात?"

पाहिलं. घाईत माझंच नाव घालायचं राहिलं होतं.

असो. चित्रण खुलं आहे, फुरसतीनं ऐका. खालचा नाही, वरचा नाही, तो मधला गोड सूर आहे ना? तो माझा. कुणाला सांगू नका, उरलेली अर्धी रजाही जाईल.