किटली कळणारं मीटर

मोटारींचं वायंडिंग करून देणाऱ्या काकांच्या मते, त्यांच्या पॅनेलवरचं काट्याचं व्होल्टमीटर बिघडलं होतं.

दुकान खाली, घर वर, वायर एकच आणि तीही जुनी. वर काकूंनी विजेची किटली लावली की खाली काटा जरासा वाकायचा. मग काका हात पुसायचे आणि जिना चढून चहा ओतायच्या वेळी हजर व्हायचे.

"बरोबर कसं कळतं हो तुम्हाला?" काकू विचारायच्या.

"तुझ्या मनातलं कळतं," काका छाती फुगवून सांगायचे. ही थाप इतकी वर्षं बिनबोभाट खपली होती.

काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि काटा वाकायचा थांबला. किटली लावायला वर कुणी नाही हे काकांना कळत होतं. पण बायकोवाचून करमत नाही म्हणण्यापेक्षा मीटर बिघडलंय म्हणणं सोपं होतं. ते विजेच्या सामानाच्या दुकानात गेले.

"डिजिटल मीटर हवंय. पॅनेलवर बसणारं."

"एसी की डीसी? किती व्होल्टपर्यंत?" दुकानदाराने विचारलं.

"घरचीच वीज हो. फक्त किटली लावली की कळलं पाहिजे."

"लावणार कोण? वहिनी तर गावाला गेल्यात."

"येईल की! तेव्हा कळायला नको?"

दुकानदाराने मुकाट्याने पॉइंटनंतरचा आकडाही दाखवणारं मीटर काढलं. "पॅनेलला भोक केवढं आहे?"

"एवढं," काकांनी बोटांनी गोल करून दाखवला.

घरी येऊन पाहतात तर मीटर चौकोनी. काकांनी कानस घेतली. पण मन थाऱ्यावर नव्हतं. कोपरे काढता काढता भोक मीटरपेक्षा मोठं झालं आणि मीटर आत पडलं. शेवटी ते पुठ्ठ्याच्या चौकटीत चिकटपट्टीने बसवावं लागलं.

जुन्या काट्याला पोच होती, तो बारीकसारीक गोष्टींकडे काणाडोळा करायचा. हे मीटर पक्कं चुगलखोर निघालं. शेजारच्या शिंप्याने इस्त्री लावली, आकडा उतरला. काका धावत वर, दाराला कुलूप. समोरच्या घरात पंप सुरू झाला, पुन्हा वर, पुन्हा कुलूप. आपण मूर्खपणा करतोय हे त्यांना कळत होतं, तरी पाय ऐकत नव्हते. काकूंची फार फार आठवण येत होती. अखेर वैतागून त्यांनी मीटरवर फडकं टाकलं.

नेमक्या त्याच दुपारी काकू न कळवता आल्या. मागच्या जिन्याने वर गेल्या, किटली लावली आणि वाट बघत बसल्या. चहा पार गार झाल्यावर कप घेऊन खाली उतरल्या.

"काय हो, मनातलं कळेनासं झालं वाटतं?"

काकूंनी फडकं उचललं. "माझा काटा कुठाय?"

"तुला... माहीत होतं?"

"मग! तुम्ही वर यावं असं वाटलं की चहा नको असला तरी किटली लावायचे मी."

काका कपात बघत म्हणाले, "लेकीकडे करमलं का?"

"बाळ गोड आहे हो. पण तिथेही रोज दुपारी किटली लावायचे. लेक म्हणायची, आई, चहा कुणालाच नको, मग कशाला लावतेस?"

"मग?"

"म्हटलं, असू दे. तिकडे काटा वाकतोय का बघते."

काकांनी गार चहा एका घोटात संपवला आणि भंगाराच्या डब्यातून जुनं मीटर शोधून काढलं. मोठ्या झालेल्या भोकात ते आता बसेना. काकूंनी पुठ्ठा मागून घेतला आणि कात्रीने त्याला गोल भोक पाडायला बसल्या.