सात नंबरची मूळ थंडी

घर माणसांनी राहण्यासाठी असते, ही समजूत मागासलेली आहे. (जनावरे अजून तीत अडकून आहेत.) प्रगत समाजात घर आधी जुने होते, मग ऐतिहासिक होते, आणि मग त्याची माणसांपासून सुटका करावी लागते.

इंग्लंडातल्या आमच्या थॉर्नकोम गावातले चर्च स्ट्रीटवरचे सात नंबरचे घर या बाबतीत अनुकरणीय आहे. ते साखरेच्या एका व्यापाऱ्याने बांधले. (साखर कोणाच्या घामाची, हे दारावरच्या पाटीवर नाही, जागा पुरली नाही.) पुढे तिथे मुलींची शाळा झाली, महायुद्धात जखमींचे इस्पितळ, मग दातांचा दवाखाना आणि शेवटी पालिकेचे करवसुली कार्यालय. दात उपटण्यासाठी आणि कर घेण्यासाठी एकच दालन वापरले गेले. गावकऱ्यांना फरक जाणवला नाही.

दवाखाना गेला तरी दंतवैद्याची मुलगी वरच्या मजल्यावर तशीच राहिली. या मिस ऑनर टकवेल. ऐंशी उलटलेल्या, गुडघे धरलेले, आणि खिडक्यांच्या फटींतून भसाभसा वारा. त्यांनी दुहेरी काचांची परवानगी मागितली. जुन्या वास्तू जपणारे पालिकेचे वारसा अधिकारी पेव्हरेलसाहेब जातीने आले.

"बाई, ही खिडकी तिसऱ्या जॉर्ज राजाच्या काळातली आहे."

"आणि थंडी हो?"

"तीही मूळचीच. हात लावता येणार नाही."

"मग पांघरूण काय त्या जॉर्जकडे मागू?"

साहेबांनी रीतीप्रमाणे चारदा माफी मागितली आणि चहा घेतला. चहा घेता घेता त्यांच्या लक्षात आले, की बाई इथे चक्क राहतात. घराचा मंजूर वापर कार्यालयाचा. त्यातून पालिका आता तिथे 'जुन्या काळचे घरगुती जीवन' हे संग्रहालय काढणार होती, आणि त्यात अडचण एकच होती : तिथे कोणीतरी घरगुती जीवन जगत होते.

बाईंना घर सोडण्याची नोटीस गेली. सुनावणीला सारा गाव लोटला. आम्हा सर्वांना फार वाईट वाटले. ते वाटून झाल्यावर, संग्रहालय बघायला येणाऱ्या पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या यावर आम्ही दिवे लागेपर्यंत भांडलो.

शेवटी बाई काठी टेकत उठल्या. "पेव्हरेल, माझा जन्म त्याच घरातला. मीपण मूळचीच आहे. मला कसा रे हात लावतोस?"

नियम बिनतोड होता. बाईंची वारसा वस्तूंत नोंद झाली. आता त्या संग्रहालयात लाल दोरीपलीकडे आपल्याच खुर्चीत बसतात. मूळ वस्तूत बदल चालत नाही, म्हणून शेगडी नाही आणि नवा स्वेटरही नाही.

गेल्या नाताळात लंडनहून वाट वाकडी करून तुम्हीही येऊन गेलात. बाई तुम्हाला म्हणाल्या, "अहो, तेवढं दार लावून घेता का? फार वारा येतोय."

तुम्ही म्हणालात, "काय हुबेहूब बोलते!" फोटो काढलात, आणि दार उघडे टाकून पुढच्या दालनात गेलात.