आबांच्या अमेरिकेत बाई निवडून येते

आमचे शेजारी रंगनाथआबा अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा निकाल मानत नाहीत. तिकडं ती बाई पडली, हे अख्ख्या जगानं टीव्हीवर बघितलं. आबांनीही बघितलं. पण रोज संध्याकाळी मी वडवणीहून एसटीनं परतलो, की चप्पल काढायच्या आत हाक येते, "ये बे इकडं! समजा, ती पडलीच न्हाई!"

झालं! पुढं तासभर ओट्यावर अमेरिका.

आबांच्या मते बाईची पहिली चूक निशाणी. "गाढव? आरं, गाढवावर बटन कोण दाबंल? समजा, तिनं कपबशी घेतली." मग बाई राज्याराज्यात हळदीकुंकू करते. रुसलेल्या चुलतदिराला सोयरे मधे घालून मनवते. मटणाच्या पंगती उठतात. माळकऱ्यांसाठी वेगळा मंडप टाकायला आबा विसरत नाहीत. "भावकी एक झाली, की अमेरिका काय न् आपलं तेलगाव काय!" शेवटी बाईचा गुलाल उधळतो आणि आबा खूश होऊन तंबाखू मळतात.

मी आधी लई हसायचो. मग ध्यानात आलं, आबा बोलतात माझ्याशी, पण तोंड आतल्या दाराकडं. आवाजही नको तेवढा मोठा.

आत आबांची बायको, आमच्या काकू असतात. मागच्या सरपंचकीला त्या उभ्या होत्या. पडल्या. आबांच्या चुलतभावानंच पाडलं. आमच्याकडं पडलेला उमेदवारही दुसऱ्या दिवशी दारोदार जाऊन हात जोडतो, मतांबद्दल आभार मानतो. काकू शरमेनं गेल्या नाहीत, आणि मग उशीर झाला म्हणून घरातच बसल्या. ना बचतगट, ना बाजार. एवढी हसरी बाई, पण ओट्यावरही येईना. जीव तुटायचा माझा.

परवा मी आबांना मुद्दाम छेडलं. "पण आबा, खरं तर ती पडलीच ना? मग पुढं?"

आबांनी आतल्या दाराकडं बघितलं. तंबाखू तळहातावर तशीच.

आतून काकूंचा आवाज आला, "आभार मानले का त्या बाईनं?"

आबा दचकले. "न्हाई... म्हंजे, समजा, राहून गेलं."

"मग आता गेली तर लोक हसतेल का?"

मीच म्हणालो, "कावून हसतील, काकू? आमच्या घरची सगळी मतं तुमालाच होती. आई अजून विचारती, काकू कशा आल्या न्हाईत?"

काकू बाहेर आल्या. पदर सारखा केला, चप्पल घातली अन् थेट आमच्या दारात. आई कुंकू घेऊन धावलीच. तिथून पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. आणि मग, आबा उठूनच उभे राहिले, चुलतभावाचं घर!

दार उघडलं. "या जाऊबाई, किती वाट बघायला लावली!" जाऊ मोठ्यानं म्हणाली आणि काकूंना हाताला धरून आत नेलं.

आबा खाली बसले. उपरण्यानं डोळे पुसले. दिवेलागण झाली तरी काकूंचा पत्ता नव्हता. घरात आबांचं ऐकायला कुणीच नव्हतं, आणि त्याचाच आनंद त्यांच्या मनात मावत नव्हता.